बुरशीचे रूपांतर आणि करमाळ्याची चिंता

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात इतरत्र कोरोनाचे निर्बंध सैल होत असताना सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यासह पाच तालुक्यांत ते पुन्हा कडक करावे लागले. त्याआधी मे महिन्यात म्युकरमायकोसिसची नोंद केंद्राने बंधनकारक केली होती आणि अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची वणवण राज्याने पाहिली होती. साथ ओसरली, बुरशीवर औषधे इतकी मोजकी का, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याचे उत्तर पेशीच्या रचनेत आहे. जीवाणूंच्या तुलनेत बुरशीची पेशी मानवी पेशीला पुष्कळच जवळची. त्यामुळे बुरशीला मारणारे विष रुग्णालाही बाधते. म्हणूनच संशोधकांचे लक्ष बुरशीच्या एका खास खोडीकडे वळले आहे. ती खोडी म्हणजे रूप पालटणे.

कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट एरवी गोलसर असते आणि मुकुलनाने वाढते. शरीराचे तापमान, रक्तद्रव असे संकेत मिळताच तेच लांब तंतू काढून ऊतींत घुसते. पेशीने कोणत्या टोकाला वाढायचे, हे सीडीसी-४२ नावाचे प्रथिन ठरवते. यीस्टरूपात ते टोकाशी थोडाच काळ ठाण मांडते, म्हणून मुकुल गोल होतो. तंतुरूपात ते तिथून हलत नाही, म्हणून वाढ एकाच दिशेने होत राहते. त्यावर हुकमत जनुकांची. ईएफजी-१ आणि सीपीएच-१ ही दोन जनुके काढून टाकलेले कॅन्डिडा तंतू काढू शकले नाही आणि उंदरांना मारूही शकले नाही, हे १९९७ मध्ये दिसून आले. तंतू पेशीभेदक विषही स्रवतात, हे २०१६ मध्ये उघड झाले.

म्युकर कुळातील काही बुरशींचा प्रवास असाच दुहेरी आहे. प्राणवायू नसला की त्या यीस्टसारख्या वाढतात. कॅल्सिन्युरिन हे विकर रोखले तर म्युकर यीस्टरूपातच अडकते आणि त्याची मारकता घटते. अर्थात हुरळून जाण्याचे कारण नाही. हे विकर रोखणारी प्रचलित औषधे रुग्णाची प्रतिकारशक्तीही खच्ची करतात. शिवाय भारतीय रुग्णांत प्रामुख्याने आढळणाऱ्या ऱ्हायझोपसला यीस्टरूपच नाही.

या विषयाचा अभ्यास महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बेंजामिनिएला पॉइट्रासी या निरुपद्रवी द्विरूपी बुरशीवर अनेक वर्षे संशोधन झाले. ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या विकराचे या रूपांतराशी असलेले नाते तेथे तपासले गेले. बुरशीला न मारता तिचे रूपांतर अडवायचे, ही दिशा त्यातून पुढे येते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. तिच्यात कॅन्डिडा अल्बिकन्स सर्वोच्च गटात, तर म्युकरचे कुळ त्याखालच्या गटात आहे. मात्र यादीने रुग्ण बरा होत नाही. करमाळ्याहून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि या आजारात निदानाला झालेला विलंब डोळ्यावर किंवा जिवावर बेततो. तेव्हा तालुक्यात बुरशी वेळीच ओळखणारी तपासणी हवी, तशीच मूलभूत संशोधनाला साथीनंतरही टिकणारी आर्थिक पाठराखण हवी. संकेत मिळताच बुरशी रूप बदलते. इतके संकेत मिळूनही शासनयंत्रणा जागची हलणार नसेल, तर पुढच्या साथीत पुन्हा इंजेक्शनासाठी रांगाच लागतील.