चैत्रगौर अंगणात आणि वळीव दारात



परीक्षा आटपत आल्या, भाजीवाल्याच्या टोपलीत कैऱ्या दिसू लागल्या, की जिन्यातल्या गप्पांत एकच विषय असतो. यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू जिचं तिनं करायचं, की सगळ्यांनी मिळून मागच्या अंगणात? मिळून करण्याकडे हल्ली कल आहे आणि तो चांगलाच आहे. दोन खोल्यांच्या घरात पन्नास बायकांना बसवायचं कुठं, आणि नोकरीवरून दमून आलेल्या बाईनं एकटीनं डाळ वाटायची तरी कधी? अंगणात मांडव पडला, दारात चैत्रांगण रेखलं, गौर पाळण्यात बसली, की उन्हाळ्याची सुरुवात कशी सणासारखी होते. वर्षभर नुसतं ‘काय, बरं आहे ना?’ म्हणून पुढं जाणाऱ्या शेजारणी तासभर मांडीला मांडी लावून बसतात.

पण या बेताला एक पाहुणा न बोलावता येतो. वळीव! वर्गणी काढून घातलेला मांडव, परातभर डाळ, नेसलेल्या रेशमी साड्या, आणि पाच मिनिटांत सगळ्याचा चिखल. मग जिनं पुढाकार घेतला तिच्या डोळ्यांत पाणी, आणि जिनं काहीच केलं नाही ती म्हणते, ‘मी सांगत होतेच, घरातच करा म्हणून.’

तुम्ही म्हणाल, पाऊस काय सांगून येतो? वळीव मात्र पुष्कळ सांगून येतो, ऐकणारं कुणी हवं! दिवसभर जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा त्या तापीनं वर चढते आणि दुपारनंतर तिचे ढग होतात. म्हणूनच हा पाऊस बहुधा तीन-चार वाजल्यापासून रात्रीपर्यंत कधीतरी गाठतो. म्हणजे नेमका आपल्या हळदीकुंकवाच्या वेळेला! कोकणकिनाऱ्याच्या बायकांना चैत्रात याचा त्रास कमी; घाटावर, मराठवाड्यात आणि विदर्भात जास्त, कधीकधी गारांसकट. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा असेल, दोनच्या सुमाराला आभाळात फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच उंच चढताना दिसत असतील, तर सतरंज्या घालायची घाई करू नका. आणि तापलेल्या हवेत अचानक गार झोत आला, की ‘वा, काय छान वारा सुटला’ म्हणत बसू नका. तो ढगातून खाली कोसळलेला वारा असतो. पाठोपाठ काही मिनिटांत सर येते.

हवामान खात्याचा अंदाज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बघावा. पिवळा इशारा असला तर दुसरी तयारी ठेवावी, नारिंगी असला तर अंगणाचा बेत सरळ रद्द करावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ हे ॲप मुलांकडून मोबाइलवर घालून घ्या. आपल्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असली की ते कळवतं.

माझं मत विचाराल, तर हळदीकुंकू रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ठेवावं. दिवेलागणीलाच हवं, असा हट्ट काही घरांत असतो. पण गौर चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर बसलेली असते. त्यातल्या कुठल्याही सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करण्याची मुभा आपल्या आज्यांनीच ठेवली आहे. त्यांनी दिवसाची सवलत दिली, तर आपण वेळेची घेतली म्हणून काय बिघडलं? आणि म्हणूनच पहिला बेत महिन्याच्या अगदी शेवटी ठेवू नये. एक रविवार राखीव असावा.

आता मांडवाबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात भाविक देवस्थानाच्या टिनाच्या शेडखाली आडोशाला थांबले होते. कडुनिंबाचं जुनं झाड त्या शेडवर कोसळलं आणि सात जण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अशाच वळवाच्या वादळात भला मोठा जाहिरातफलक पेट्रोलपंपावर पडला. त्यात सतरा माणसं दगावली. ‘पाचच मिनिटं थांबू या, सर जाईल’ असं माणूस म्हणतो तेव्हा डोक्यावर काय आहे ते तो बघत नाही. म्हणून मांडव मोठ्या झाडाखाली नको. सावली मिळते हे खरं, पण सकाळची वेळ ठेवलीत तर सावलीची तितकी गरजही उरत नाही. फलक, पत्र्याची शेड, कच्ची भिंत यांच्यापासूनही दूरच बरा.

छताला ताडपत्री घालणार असाल तर मांडववाल्याकडून ती उतरती बांधून घ्या. सपाट ताडपत्रीवर पाणी साठतं, आणि पाण्याचं वजन किती असतं ते बायकांना, म्हणजे हंडे वाहिलेल्यांना, सांगायला नको. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद तुकड्यावर नुसतं पाच सेंटीमीटर पाणी साठलं तरी ते साडेचार क्विंटल होतं! ते काठीनं खालून ढोसून सांडवायला कुणी उत्साही पुढं सरसावलाच तर त्याला आधी बाहेर काढा. मांडव फुगू लागला की त्याखाली कुणी उभं राहायचं नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. चमकली की मोजायला लागायचं. गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीननं भागलं की साधारण तितके किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी पक्क्या छपराखाली जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. पाऊस थांबला म्हणून लगेच परातींसाठी अंगणात धाव घ्यायची नाही. परात धुता येते.

कुणी काय उचलायचं, ते आदल्या दिवशीच ठरवावं. नाहीतर सर आली की सातजणी गौरीकडे धावतात आणि डाळीकडे कुणीच नाही! रोषणाईच्या माळांचं मुख्य बटण एकीनं, तेही कोरड्या हातानं आणि आतूनच बंद करायचं. एकीनं गौर आणि समई, दोघींनी डाळ-पन्हं, एकीनं लहान मुलं. सतरंज्या राहू द्या. भिजल्या तर भिजल्या. चैत्रांगण शक्यतो ओसरीवर किंवा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी रेखावं म्हणजे धुऊन जात नाही. गौरीचे पाळणे, गोपद्म, तुळशीवृंदावन काढायला तासभर घालवलेल्या मुलीचा हिरमोड फार वाईट असतो हो.

पण आत जायचं म्हणजे कुणाकडं? हे कुणीच आधी ठरवत नाही, आणि खरी पंचाईत इथंच होते.

आमच्याकडे मागं असंच झालं. पावसानं गाठलं तेव्हा सगळ्यांत जवळ तळमजल्यावरची मोठी ओसरी होती. तिथं राहणाऱ्या काकूंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. अशी चालच आहे म्हणून कुणी त्यावर बोलत नसे. काकूंनी दार उघडलं, पंचे आणून दिले, मुलांची डोकी पुसली, गौर ठेवायला स्वतःचा चौरंग मांडला आणि आत निघून गेल्या. स्वैपाकघरातून गॅस पेटवल्याचा आवाज आला. पन्नास बायका त्यांच्या ओसरीवर एकमेकींना कुंकू लावताहेत आणि घरची बाई आत आमच्यासाठी चहा टाकते आहे! एका नव्या लग्नाच्या मुलीनं करंडा उचलला आणि आत गेली. तिच्या सासूनं ‘अगं’ म्हणून हाक मारली, पण ती थांबली नाही. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या, कपाळावर कुंकू होतं. दोघीजणी तेवढ्यात ‘उशीर झाला’ म्हणून पावसातच घरी गेल्या. त्यांतली एक अजून काकूंशी नीट बोलत नाही, हेही सांगायला हवं. गोष्टीत होतं तसं सगळं गोड झालं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला. इतर गावांनीही तसंच करावं असं परिपत्रक राज्य सरकारनं त्याच महिन्यात काढलं. एका खेड्याला जमलं ते शहरातल्या सोसायटीला जड जाऊ नये. ज्या ओसरीवर पावसात आसरा घ्यायचा, त्या घरच्या बाईला बोलावणं पाऊस येण्याआधी गेलेलं असावं, आणि ते सगळ्यांना जातं तसंच, दारात उभं राहून अक्षता देऊन. ‘लावू का कुंकू?’ असं चारचौघींत विचारू नये. आधी एकटीला भेटून विचारावं. एखादीला स्वतःलाच नको असेल तर डाळ, पन्हं, ओटीचे हरभरे आणि गजरा द्यावा; आग्रहानं तिचा जीव घुसमटवू नये. तुमच्यापैकी ज्यांच्या सासूबाई या बाबतीत कडक आहेत त्यांनी भांडण करू नये. यादी आपल्या हातानं लिहावी आणि बोलावणी आपण करावीत, म्हणजे झालं!

राहिलं खाणं. पन्नास बायकांना सव्वा किलो हरभऱ्याची डाळ पुरते. चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, पण सगळी एकदम नको. अर्धी वाटावी, अर्धी भिजलेली निथळून फ्रिजमध्ये ठेवावी. किसलेली कैरी, ओला नारळ आणि फोडणी अगदी शेवटच्या तासाला घालावी. दमट हवेत नारळ घातलेली डाळ दोन-तीन तासांत वास धरते. बेत पुढं ढकलावा लागला तर न वाटलेली डाळ दुसऱ्या दिवशी कामाला येते. वाटलेली उरली आणि तिला वास आलेला नसला तर लगेच तेलावर मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, झाकण ठेवून वाफ आणावी. उत्तम मोकळी डाळ होते, आणि घरातले पुरुष ती जास्त आवडीनं खातात असा माझा अनुभव आहे.

पन्ह्याला दीड किलो कैऱ्या उकडून साधारण किलोभर गर निघतो. त्यात गूळ दीडपट ते दुप्पट, कैरीच्या आंबटपणाप्रमाणे; मीठ, वेलची, असल्यास केशर. याचं साडेसात लिटरच्या आसपास पन्हं होतं, प्रत्येकीला एक छोटा पेला. मात्र पाणी आधी घालून पिंप भरून ठेवू नका. सर पडून गेली की हवा गार होते आणि गार पन्ह्याला कुणी हात लावत नाही. सगळ्या आल्याचा चहा मागतात. पाणी न घातलेला गर फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतो आणि शाळा सुटलेल्या मुलांना रोज दुपारी उपयोगी पडतो.

ओटीचे हरभरे आदल्या रात्री भिजत घालावेत, सव्वादोन किलो पुरेत. उरलेल्यांना कपड्यात बांधलं की दुसऱ्या दिवशी मोड येतात, उसळ करावी. आणि सतरंज्या ओल्याच गुंडाळून मांडववाल्याला परत देऊ नका. गच्चीवर पसरून एक ऊन दाखवा, नाहीतर तो अनामतीतून पैसे कापून घेतो.