अरणी, सामता आणि भोसरीचा लेथ

१/ पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून किंवा १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीपासून सुरुवात करतो. माझे मत असे की, ही कथा लाकडावर लाकूड फिरवून अग्नी पाडणाऱ्या साधनापासून सुरू व्हायला हवी. का, ते या धाग्यात. 🧵

२/ 'लाकडे घासून आग' म्हटले की डोळ्यांपुढे गुहा, कातडे पांघरलेला माणूस आणि 'आदिम' हा शब्द येतो. प्रत्यक्षात दोन काटक्या नुसत्या घासत बसणाऱ्याच्या तळहातांना फोड येतात, आग येत नाही. त्यासाठी तीन गोष्टींची जुळणी लागते: स्थिर पाट, त्यावर फिरणारा दांडा आणि वरून अखंड दाब.

३/ या जुळणीचे आपल्याकडील सर्वांत तपशीलवार वर्णन श्रौत परंपरेत आहे. खालचा पाट ती अधरारणी. जिच्यातून मंथनाचा तुकडा काढतात ती उत्तरारणी. तो तुकडा ज्या दांड्याला बसवतात तो चात्र. दांड्याला वरून दाबून धरणारी ओविली. दांड्याभोवती गुंडाळून ओढायची दोरी, तिचे नाव नेत्र. एकाने दाबायचे, दुसऱ्याने दोरी मागेपुढे ओढायची.

४/ लाकूड कोणते, हेही ठरलेले: शमीवर वाढलेल्या पिंपळाचे. मंथनाने लाकडाची काळी भुकटी पडते. लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने ताप पसरत नाही, त्या एका जागी साठतो. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला भुकटी धुमसू लागते. ती ठिणगी नारळाच्या शेंडीत किंवा कापसात घेऊन फुंकली की ज्वाळा.

५/ ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील २९ वे सूक्त याच मंथनाविषयी आहे. शतपथ ब्राह्मणातील पुरूरवा-उर्वशीची कथाही अरणींपाशी येऊन थांबते. आहिताग्नी कुटुंबांत आणि सोमयागांत हे मंथन आजही होते. दशमूलारिष्टातील दहा मुळांपैकी एकाचे नाव 'अग्निमंथ' आहे, हे मात्र ते पिणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

६/ येथे दोन घाईचे निष्कर्ष टाळावेत. 'हे रानटी आहे' हा एक. 'हे फक्त आमच्याच पूर्वजांना ठाऊक होते' हा दुसरा. तुतानखामेनच्या थडग्यातही अग्नी पाडण्याचे असे फिरते साधन सापडले. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी तळहातांमध्ये काठी फिरवून आग पाडत. हा मानवजातीचा समाईक वारसा आहे.

७/ आता त्या दोरीकडे पाहा. समुद्रमंथनात वासुकी झाला तोही नेत्रच. ताक घुसळताना मोठ्या रवीला गुंडाळलेली दोरी तीच. सुताराचा भोक पाडायचा सामता फिरे तो दोरीनेच. कातारी ज्या सांगाड्यावर लाकूड कातत असे, तोही दोरीच्या ओढीवर चाले. देवघर, स्वयंपाकघर आणि कारखाना यांत एकच यांत्रिक कल्पना नांदत होती.

८/ तिची मर्यादाही एकच: दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरतो. कातताना धार लागते ती एकाच दिशेला, म्हणून निम्मा वेळ वाया. पुढे मोठे चाक, पट्टा आणि अखेर विजेची मोटर आली व फिरणे अखंड झाले. भोसरीतील लेथ या वंशावळीतला आहे. स्पिंडल, बेअरिंग, दाब: अवयव ओळखीचे आहेत.

९/ फरक हेतूचा. लेथवर घर्षणाचा ताप शत्रू असतो, म्हणून कूलंट आणि ग्रीस. अरणीला मात्र तोच ताप हवा असतो. आणि आधुनिक उद्योगालाही कधीकधी तो हवा असतो! घर्षण-वेल्डिंगमध्ये एक भाग स्थिर, दुसरा फिरता, वरून दाब. धातू तापून एकजीव होतात. इंजिनाचे अनेक व्हॉल्व्ह असे जोडले जातात. धातू नवा, जुळणी अरणीचीच.

१०/ मग ही वंशावळ पुस्तकांत का दिसत नाही? एक कारण पुराव्याचे. दगड टिकतो, लाकूड कुजते. पुणे जिल्ह्यातीलच इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत चुली मिळाल्या, भट्टी मिळाली. चूल मातीत उरते; ती पेटवणारी काठी उरत नाही. म्हणून आपल्या चित्रांतला आदिमानव नेहमी गारगोट्याच आपटताना दिसतो.

११/ शिवाय रोज नवी आग पाडण्यापेक्षा असलेली राखणे सोपे. राखेखाली निखारा जपायचा, विझलाच तर शेजारून आणायचा. 'त्यांच्यातून विस्तव जात नाही' या वाक्प्रचारात ती देवघेव अजून शिल्लक आहे. पुढे काडेपेटी आली; १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना अंबरनाथला निघाला. पण काडी ओढणे हेही घर्षणच.

१२/ दुसरे कारण अधिक बोचरे आहे. ग्रंथांनी अरणीची मापे जपली, मंत्र जपले. ती तासणाऱ्या हाताचे नाव जपले नाही. आजही तेच चालू आहे. चाकणच्या इतिहासात १६६० चा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा येतात, यावेतच. पण येथे पाळीवर उभ्या असलेल्या टर्नरला आपल्या कामाला काही हजार वर्षांचा इतिहास आहे, हे कोणी सांगत नाही. आयटीआयच्या मुलाला स्पिंडल शिकवताना सामता दाखवायला फार तर दहा मिनिटे लागतील.

१३/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावात एखादा जुना सामता किंवा कातारी साचा अडगळीत असेल, तो वापरलेला कोणी हयात असेल, तर आत्ताच नोंद करा: प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, लाकूड कोणते, दोरी कशाची, शिकवले कोणी. लाकूड कुजणारच आहे. नावे तरी कुजू देऊ नका.