मुरलेली नदी कुणाची?



रावेर तालुक्यात सातपुड्यातून एक नदी उतरते. तिचे नावच सुकी. दरीतून दगडगोटे ढकलीत येते, आणि पायथ्याशी आली की पाणी पात्रातल्या गोट्यांत शिरून दिसेनासे होते. यावलकडच्या मोर नदीचीही तीच तऱ्हा. बाहेरचा माणूस कोरडे पात्र पाहून म्हणतो, नदी आटली. आम्ही म्हणतो, आटली नाही, मुरली.

यात चमत्कार काही नाही. महाराष्ट्राची पाचातली चार वाटे जमीन काळ्या पाषाणावर आहे. तो पाषाण पाणी फारसे पोटात घेत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र नद्यांनी युगानुयुगे गोटे आणि वाळू आणून टाकली. त्या पट्ट्याला भूगर्भवाले ‘बझाडा’ म्हणतात. तिथे मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकाठच्या गाळात सरकते आणि खालच्या गावांच्या विहिरींना, ट्यूबवेलना लागते.

नदी जमिनीखाली जाण्याचा दुसराही प्रकार आहे. आपली पुष्कळ पोरे पोटासाठी ठाण्याजवळ कळव्याला गेली, त्यांना विचारा. तिथे पारसिकच्या डोंगरावरून पावसाळ्यात ओढे उतरतात आणि तेही दिसेनासे होतात. पण गटारात, स्लॅबखाली. घाण घेऊन खाडीला मिळतात. प्यायचे पाणी मात्र दुरून नळाने आणायचे. ते पाणी गेले ते गेलेच. आपले पाणी ठेवीत पडते.

ठेव सगळ्या शिवाराची, पण काढतो कोण? १८८२ चा इंग्रजी कायदा सांगतो, ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. म्हणजे ज्याची मोटार खोल, त्याची नदी! २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई केली. कायदा कपाटात राहिला, बोअरच्या गाड्या गावोगाव फिरत राहिल्या. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. ज्याच्याकडे पंपच नाही, त्या कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला काय मिळाले? उघडा पडलेला विहिरीचा तळ!

आम्ही केळीवाल्याचे वैरी नाही. भाव पडला की तोही आमच्यासारखाच बुडतो, आणि बोअर आणखी खाली न्यायला त्यालाही कर्ज काढावे लागते. पण तो उपसतो त्या पाण्यात कोरडवाहू शिवाराचाही वाटा आहे, हे त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत आपण दाखवलीच पाहिजे.

१० मे २०२५ ला भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सरकारांनी तापी महापुनर्भरणाचा करार केला. महाराष्ट्रात २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टरला लाभ होईल असे सांगितले. होऊ द्या. पण कालव्याची वाट पाहत किती पावसाळ्यांचे लोंढे दारावरून तापीत जाऊ द्यायचे? शेजारच्या शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून, दारे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधून पाणी मुरवून दाखवले आहे. तिथे जमते, मग इथे का नाही?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे:

१. पायथ्याच्या पात्रांतून वाळू-गोटे उचलणे बंद करा. ती नदीची चाळणी आहे.

२. गारबर्डीच्या धरणावरून सांडणारे सुकीचे पाणी पायथ्याच्या पट्ट्यातच पसरवून मुरवा.

३. पंपाला वीज फुकट, तर पंप नसलेल्याच्या बांधबंदिस्तीला आणि शेततळ्यालाही तोलामोलाची रक्कम द्या.

४. दिवाळीला आणि होळीला गावाने विहिरी मोजाव्यात, हिशेब चावडीवर लावावा आणि उपशाची मर्यादा गावसभेने ठरवावी. परवाने वाटणारा साहेब आला की पाण्याआधी खिसा आटतो!

नदी सरकारची नाही, मोटारीचीही नाही. ती मुरवणाऱ्या शिवाराची आहे. बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. आपल्या विहिरीत किती हात पाणी उरले आहे, ते मोजून या.