पूर्वनिर्मित घरांचे धोरण हिमायतनगरापर्यंत पोहोचणार का?

हिमायतनगर : घराचे भाग कारखान्यात ओतून जागेवर केवळ जोडणी करण्याच्या पद्धतीला केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत मोठे प्रोत्साहन दिले आहे. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सहा 'लाइट हाऊस' प्रकल्पांची पायाभरणी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ ही ती शहरे. प्रत्येक ठिकाणी हजार वा त्याहून अधिक घरे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र. प्रश्न असा की, नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या नगरपंचायतीच्या गावाला या धोरणातून काय मिळते?

उत्तर योजनेच्या रचनेतच दडलेले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये नव्या तंत्रासाठी प्रति चौरस मीटर एक हजार रुपयांचे अनुदान आहे. परंतु ते भागीदारीतून उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांना. लहान गावांत मात्र लाभार्थी स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधतो. पैसे हप्त्यांनी येतात, पाया, भिंती, छत अशा टप्प्यांनी काम पुढे सरकते. कारखान्याला याउलट एकरकमी मागणी, एकसारखा नकाशा आणि क्रेन वळेल असा रस्ता लागतो.

करआकारणीही गवंड्याच्याच बाजूने झुकते. एकाच घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. तीच मजुरी प्रीकास्ट भागाच्या किमतीत मिसळली की तिच्यावर १८ टक्के कर बसतो.

तंत्र महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने पूर्वनिर्मित भागांची घरे अनेक दशके बांधली. 'सिडको'ने २०२२ मध्ये नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या केल्या. मात्र ही सारी मोठ्या मागणीची उदाहरणे होत.

मराठवाड्याचा स्वतःचा धडा निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे बहुतांशी संस्था व कंत्राटदारांनी बांधून दिली. इतर गावांत मात्र घरमालकांच्याच हातून मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. तयार घर लवकर मिळते. पण गुरे, धान्य आणि वाढते कुटुंब यांच्या गरजेनुसार ते बदलता येईलच असे नाही, हे त्या पुनर्वसनाने दाखवून दिले.

म्हणून हिमायतनगरसाठी संपूर्ण घराचा कारखाना हा उपाय नव्हे; घराच्या भागांचा कारखाना हा असू शकतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या छताच्या पद्धतीत सिमेंटच्या फळ्या व तुळया आधी ओतून ठेवतात. फळी दोन माणसे उचलू शकतात, क्रेन लागत नाही आणि सेंट्रिंगचा मोठा खर्च वाचतो. अशा फळ्या, लिंटेल, चौकटी तालुक्यातच तयार झाल्या तर गवंड्याचे काम जात नाही, उलट त्याला नवे कौशल्य मिळते.

त्यासाठी तंत्र-अनुदान स्वतः घर बांधणाऱ्या लाभार्थ्यालाही मिळावयास हवे, आणि अशा भागांची गुणवत्ता तपासण्याची सोय जवळपास हवी. हे झाले नाही, तर पूर्वनिर्मित घरांचे धोरण महानगरांच्या वेशीवरच थांबेल.