अमझेऱ्याची लढाई आणि अर्धा कागद

देवासला जाणारा गोंयकार बहुधा कुमार गंधर्वांसाठी जातो. मीही त्यासाठीच गेलो होतो. टेकडीवर जाऊन देवीचे दर्शन घेतले, कुमारजींचे घर बघितले आणि दुसऱ्या दिवशी धारची बस पकडली. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, एवढेच मला तोपर्यंत ठाऊक होते. किल्ल्यावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मी मराठीत बोलतो हे ऐकून विचारले, "अमझेरा देखा क्या? आपके लोग वहीं जीते थे." त्या 'आपके लोग'मध्ये मी कसा बसतो याचा विचार परतीच्या गाडीत करत होतो. घरी आल्यावर पुस्तके काढली.

अमझेरा हे धारच्या पश्चिमेचे गाव. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी तिथे चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याच्यावर हल्ला चढवला. अप्पांबरोबर मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि उदाजी पवार होते. सुभेदार पडला, त्याचा चुलतभाऊ दयाबहादूरही पडला. एका दिवसात सुभ्याचे डोकेच गेले. पुढे शिंदे, होळकर, पवारांनी माळवा वाटून घेतला. धार आणि देवासच्या पवारांच्या गाद्या आल्या त्या यातूनच.

आता गंमत अशी की या लढाईचे दोन्ही बाजूंचे कागद शिल्लक आहेत. मराठ्यांची पत्रे पेशवे दफ्तरात आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतर त्यांचे पंचेचाळीस खंड छापून घेतले. गिरधर बहादूरच्या घराण्याचा पत्रव्यवहार 'अजाइब-उल-आफाक' नावाच्या फारसी संग्रहात आहे. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी हे दोन्ही समोरासमोर ठेवले आणि १९३६ मध्ये अठराव्या शतकातल्या माळव्यावर आपला ग्रंथ लिहिला. संस्थानिकाचा मुलगा दफ्तरातल्या कारकुनासारखी तारखेला तारीख लावत बसला, याचे मला फार कौतुक वाटते.

कारण त्याआधी काय चालले होते? माल्कमने १८२३ साली माळव्याचा वृत्तांत छापला. त्यात ऐकीव हकीकती भरपूर आहेत. इंदूरकडच्या नंदलाल मंडलोईने मराठ्यांना बोलावले, आणि दयाबहादूर धार व अमझेऱ्याच्या मधल्या तिरला गावी पडला, ही कथा तिथून पसरली. पुढच्या पुस्तकांत त्याचे मरण १७३१ पर्यंत खाली सरकले. म्हणजे १७२८ साली मेलेला माणूस आणखी तीन वर्षे सुभा सांभाळत होता! मंडलोईंकडची म्हणून काही पत्रेही या कथेच्या बाजूने पुढे आली, पण रघुबीरसिंहांना ती खरी वाटली नाहीत. मराठी पत्र आणि फारसी पत्र एकमेकांशी जुळतात आणि तिसरे त्यांच्यात बसत नाही, तेव्हा संशय तिसऱ्यावर घ्यायचा. आमच्या ऑफिसातही आवक रजिस्टर आणि जावक रजिस्टर जुळले की मधली चिठ्ठी कुणी नंतर घुसडली ते कळते.

पण माझा मुद्दा तारखेचा नाही. दोन शत्रूंच्या कागदांत फरक कुठे आहे आणि मेळ कुठे आहे, तो माझा मुद्दा.

फरक उघड आहे. मराठी कागदांत फत्ते आहे. फारसी कागदांत घर बुडाल्याचा आकांत आहे. अप्पा पुढे उज्जैनवर गेले, वेढा घातला, पण शहर हाती आले नाही. गिरधर बहादूरच्या मुलाने, भवानीरामने, ते राखले. फक्त मराठी बाजूची इतिहासाची पुस्तके वाचणाऱ्याला अमझेरा पाठ असतो, पण उज्जैन त्याच्या गावीही नसते. उलट त्या घराण्याला उज्जैन हीच मोठी गोष्ट. आपापला जय प्रत्येकाने मोठ्या अक्षरात लिहिला.

आणि मेळ? मेळ पैशात आहे. भवानीराम दिल्लीला मदत मागतो, कारण शिपायांचे पगार थकले आहेत. इकडे बाजीरावांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून ती तगमग दिसते. मोहीम म्हणजे खंडणी आणि खंडणी म्हणजे सावकाराचा हप्ता. जिंकणाराही कर्जात आणि हरणाराही कर्जात. शत्रू ज्या गोष्टीवर न ठरवता एकच बोलतात, ती गोष्ट बहुधा खरी असते.

आणखी एका बाबतीत दोघांचे एकमत आहे. दोघेही गप्प आहेत त्या बाबतीत. सरदारांची नावे आहेत. पण त्या दिवशी पडलेल्या साध्या शिपायांची, तुडवल्या गेलेल्या शेतांची, अमझेऱ्यातल्या बायकापोरांची नावे मला कुठे भेटली नाहीत.

हे सगळे गोव्यात बसून कशाला सांगायचे? कारण आपल्याकडेही अमझेरा आहे. १६८३ साली संभाजी महाराज जुवे बेटापर्यंत आले. १७३९ साली व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजा साष्टीत उतरल्या, मडगाव घेतले, राशोलला वेढा पडला. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी बसणारा सहकारी साष्टीचा, ख्रिस्ती. त्याच्या घरी ती आठवण भीतीची आहे. माझ्या घरी ती अभिमानाची आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांकडे अर्धा अर्धा कागद आहे.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर पणजीच्या दफ्तरात बसून पोर्तुगीज कागद वाचले आणि मराठ्यांच्या इतिहासाला ती दुसरी बाजू दिली. त्यामुळे मराठे लहान झाले का? मुळीच नाही. उलट पोर्तुगीज व्हायसरॉय किती हादरला होता, हे त्याच्याच माणसांच्या कागदावरून कळले. आपल्या बखरीने कितीही सांगितले असते तरी त्याला ते वजन आले नसते.

हल्ली मोबाईलवर इतिहास येतो तो एकाच बाजूचा, आणि पुढे पाठवा म्हणून येतो. पाठवण्याआधी एवढेच विचारावे: समोरच्याचा कागद काय म्हणतो? धारच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी तेव्हा हसून 'हो' म्हटले होते. पुन्हा भेटले तर सांगेन, बाबा, आमचे लोक जिंकले हे खरे, पण तुमच्या उज्जैनवाल्यांनी शहर राखले हेही खरे आहे.