डोंगरवाटांचा अधिकृत नकाशा हवा

पावसाचा जोर ओसरू लागला, की शनिवारच्या रात्री कर्जत आणि कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठीवर पिशव्या बांधलेल्या तरुण-तरुणींची दाटी होते. एके काळी हा छंद मूठभरांचा होता. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमींच्या लेखनाने ज्यांना वेड लावले, ते एस. टी.ने पायथ्याचे गाव गाठत आणि गावच्या पाटलाला विचारून देवळात पथारी टाकीत. आता पायी चालणाऱ्यांच्या जोडीला डोंगरात चालविण्याच्या सायकली घेऊन येणारे आहेत, तंबू ठोकून रात्र काढणारे आहेत आणि जीपगाड्या व मोटारसायकली माळरानांवर घालणारेही आहेत. सह्याद्री तोच राहिला. त्याच्याकडे जाणाऱ्यांची संख्या आणि साधने मात्र पार बदलली. या बदलाबरोबर जो साधा प्रश्न सुटायला हवा होता, तो तसाच लोंबकळत आहे. नेमके कोठे जाण्याची मुभा आहे, आणि ते सामान्य नागरिकाने कोणाला विचारावे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डोंगर डोळ्यांना एकसंध दिसला तरी कागदोपत्री त्याचे अनेक तुकडे असतात. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे आणि विस्तव पेटविणे हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे. अभयारण्यातील प्रवेशावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे निर्बंध आहेत. संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालेले किल्ले काही केंद्राच्या, तर काही राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पायथ्याचे गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात, शेजारची जमीन खाजगी मालकीची, धरणाचा काठ पाटबंधारे खात्याचा. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात ते वेगळेच. एका दिवसाच्या चालीत माणूस यांपैकी चार हद्दी ओलांडतो, आणि त्यांतील एकीवरही पाटी असेलच असे नाही.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण बोलके आहे. खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्यातून, पाचनईची अहिल्यानगर जिल्ह्यातून, तर नळीची वाट ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याहून वर चढते. माथा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. समजा, एखाद्या शाळेतील शिक्षकाला वीस विद्यार्थ्यांसह तेथे एक मुक्काम करावयाचा आहे आणि कायद्याच्या चौकटीतच करावयाचा आहे. त्याने कोणत्या जिल्ह्याच्या, कोणत्या खात्याच्या कचेरीत अर्ज द्यावा? तंबू कोठे चालेल, चूल कोठे पेटविता येईल? याचे एकत्रित उत्तर देणारा एकही अधिकृत कागद त्याच्या हाती येत नाही. मग तो एक तर सहलच रद्द करतो, किंवा एखाद्या व्यावसायिकाला पैसे मोजून त्याच्या शब्दावर विसंबतो. ज्याला नियमांची चाड नाही, त्याचे मात्र काहीच अडत नाही. जी व्यवस्था नियम पाळणाऱ्यालाच अडविते, तिच्यात काहीतरी मूलभूत चूक आहे असे म्हणावे लागते.

या संदिग्धतेची खरी किंमत डोंगर मोजतो. कासच्या पठारासारख्या सड्यांवर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्या तेवढ्याशा मातीत दुर्मीळ वनस्पतींचा संसार चालतो. ओल्या सड्यावरून एकदा जड गाडी गेली, की चाकोरीतील माती पुढच्या पावसात वाहून जाते. ती पुन्हा साठण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. उन्हाळ्यात वाळल्या गवतात पेटविलेली शेकोटी अख्खी डोंगरधार जाळू शकते. आणि माणसेही जातात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा घटनेनंतर सरसकट बंदीची मागणी होते, काही आठवडे चौक्या बसतात आणि नंतर सारे पूर्ववत होते. बंदीचा हुकूम काढणे सोपे आहे. पण "येथे जाऊ नका" असे सांगणाऱ्या शासनाने "मग तेथे जा" हेही सांगावयास नको काय?

इतर देशांनी हा पेच कसा सोडविला, हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट या बंदिस्त माळावर शेकडो तरुणांनी जाणूनबुजून प्रवेश केला आणि त्यांतील काहींनी तुरुंगवास भोगला. पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या परिषदेवर सार्वजनिक पायवाटा आणि घोडवाटा यांची पाहणी करून नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. १९६८ मध्ये घोडवाटांवर सायकलींनाही मुभा मिळाली. अट एवढीच की सायकलस्वाराने पादचाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. अमेरिकेच्या वन खात्याने २००५ साली नियम केला, की प्रत्येक राष्ट्रीय वनाने मोटारींना खुल्या असलेल्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध करावा आणि तो नागरिकांना विनामूल्य द्यावा. नकाशावर जी वाट नाही, ती मोटारीला बंद. दोन्हीकडील तत्त्व एकच आहे: मुभा आणि मनाई दोन्ही कागदावर, आणि तो कागद सर्वांच्या हाती.

महाराष्ट्राला हे काम कोऱ्या कागदावरून सुरू करावयाचे नाही. महसूल खात्याच्या गावनकाशांवर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेले आहेत. पाणंदी आणि शिवरस्ते ही तर खेड्यांची जुनी ठेव. शेताकडे जाणारा रस्ता कोणी अडविला, तर तो मोकळा करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारास दिला आहे. हे गावनकाशे, वन खात्याच्या हद्दी आणि संरक्षित स्मारकांच्या सीमा एकमेकांवर ठेवून पाहिल्या, तर तालुक्यागणिक खुल्या वाटांचा नकाशा तयार होऊ शकतो. पायी आणि सायकलीने जाण्याच्या वाटा वेगळ्या दाखवाव्यात. मोटारींसाठी जुन्या खाणी किंवा पडीक माळ यांसारख्या, जेथे नुकसान होण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, अशाच जागा नेमाव्यात. मुक्कामाच्या जागांपुढे पाणी, शौचाची सोय आणि चुलीसंबंधीचा नियम नोंदवावा. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तथापि त्याचा रोख मुख्यतः व्यावसायिकांच्या नोंदणीवर व सुरक्षिततेवर आहे. स्वतःच्या पायांनी जाणाऱ्या नागरिकालाही काही हवे असते, याची दखल अद्याप घ्यावयाची आहे.

वाटा प्रसिद्ध केल्या तर गर्दी वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. परंतु गर्दी नकाशाची वाट पाहत थांबलेली नाही. कोणीतरी भ्रमणध्वनीवर टिपलेले एक चित्र पुढच्या रविवारी हजार माणसे तेथे आणून सोडते. कासला फुलांच्या हंगामात प्रवेशाची मर्यादा ठरवून, आगाऊ नोंदणी घेऊन आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांना सहभागी करून काही शिस्त आणता आली. मर्यादा घालावयाची तरी आधी वाट मान्य करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पायथ्याच्या गावाचा. ज्यांच्या गायरानावर तंबू लागतात, ज्यांच्या विहिरीचे पाणी उपसले जाते आणि हरवलेल्याला शोधावयास जे अपरात्री कंदील घेऊन निघतात, त्या ग्रामस्थांना विचारल्यावाचून एकही जागा जाहीर होता कामा नये. निर्णय ग्रामसभेचा असावा आणि शुल्काचा वाटा पावतीनिशी गावाकडेच जावा. गाव राखणदार झाले, तर निम्म्या चौक्यांची गरज उरणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. त्या मानाचा उत्सव झाला, तो योग्यच होता. पण वारसा जपण्यासाठी आधी तो पायाखालून जावा लागतो. सह्याद्रीत वाढणाऱ्या पिढीने डोंगर चोरासारखा चढावा की हक्काने आणि जबाबदारीने, हे ठरविण्याची वेळ आली आहे. एका तालुक्यापासून, एका नकाशापासून आरंभ झाला तरी पुरे.