अपंग विद्यार्थी आणि विद्यापीठांचे दायित्व

डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत केला, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून त्याचे स्वागत झाले. १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाचे सात प्रकार वाढून एकवीस झाले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर गेल्या, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा चार टक्क्यांवर. ज्या कायद्याला कोणीच विरोध करीत नाही, त्याच्या अंमलबजावणीची निकडही सहसा कोणाला वाटत नाही, हा संसदीय व्यवहारातील जुना अनुभव आहे. या कायद्याच्या वाट्याला तोच आला.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणातील आकडे याची साक्ष देतात. २०१९-२० या वर्षी देशभरातील महाविद्यालये व विद्यापीठे यांत ९२,८३१ अपंग विद्यार्थी शिकत होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या ७९,०३५ वर घसरली. त्याच वर्षी एकूण विद्यार्थिसंख्या मात्र वाढून ४ कोटी १३ लाखांच्या पुढे गेली होती. म्हणजे हजारात दोन अपंग विद्यार्थीही नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत हजारी बावीस व्यक्ती अपंग असताना. महामारीच्या ज्या वर्षी शिक्षण वर्गातून उठून मोबाईलच्या पडद्यावर गेले, नेमक्या त्याच वर्षी ही घसरण व्हावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. आंधळ्या विद्यार्थ्याला न वाचता येणारी टिपणे आणि बहिऱ्या विद्यार्थ्याला न उमगणारी व्याख्याने हाच जर त्या शिक्षणाचा ऐवज असेल, तर पाच टक्के जागा राखल्या काय आणि पंधरा टक्के राखल्या काय, फरक फारसा पडत नाही.

(येथे ‘अपंग’ हा जुनाच शब्द वापरला आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारदरबारी रूढ होऊन दशक उलटले. ज्या जिन्यावर चाकाची खुर्ची अडते, तो जिना या नव्या नावाने एका पायरीनेही कमी झालेला नाही.)

जागा मिळणे ही सुरुवात असते. खरा प्रश्न प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी उभा राहतो, आणि मराठी माध्यमातून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याचे स्वरूप स्पष्ट दिसते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणाली आज उपलब्ध आहेत. त्यांतील काही विनामूल्य आहेत आणि त्या मराठीही वाचतात. परंतु त्यांना मजकूर युनिकोडमध्ये लागतो. मराठीतील क्रमिक पुस्तके, अभ्यासक्रम, प्राध्यापकांची टिपणे यांचा मोठा भाग अद्यापही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत अक्षरबद्ध झालेला आहे. त्या टंकांत पडद्यावर दिसते ते देवनागरी, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. प्रणाली तीच वाचते आणि विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक आवाज पडतात. झेरॉक्स प्रतीवरून छायांकित केलेल्या टिपणांतून तर तेवढेही ऐकू येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण यामानाने पुष्कळच कमी असते. एकाच विद्यापीठातील, एकाच प्रकारचे अपंगत्व असलेल्या दोन विद्यार्थ्यांत भाषेमुळे ही दरी पडते, आणि भाषेच्या मागे वर्ग उभा आहे हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको.

विशेष म्हणजे कायद्याची आडकाठी येथे नाही. अपंग वाचकासाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात मुभा दिली. याच विषयावरील मराकेश येथील आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वांआधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाईन ग्रंथालयही सुरू झाले. अडते ते अगदी किरकोळ वाटणाऱ्या कामापाशी : बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे अर्थशास्त्राचे पुस्तक युनिकोडमध्ये आणून, तपासून, सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती देणार कोण? हे काम ज्याच्या नावावर लिहिले आहे असा एकही पगारी माणूस ग्रामीण महाविद्यालयात शोधून सापडावयाचा नाही.

लेखनिकाची गोष्ट याहून वेगळी नाही. लेखनिकाच्या साहाय्याने परीक्षा देणाऱ्यास तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ मिळावा, आणि उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणल्यास तो शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले होते. व्यवहारात लेखनिक शोधण्याचा भार विद्यार्थ्यावरच येऊन पडतो. परीक्षेच्या दिवसांत खालच्या वर्गातली मुले स्वतःच्या परीक्षेत गुंतलेली असतात. मग नात्यातले, शेजारचे, ओळखीचे असे कोणी गळ घालून मिळवावे लागते. ते आयत्या वेळी आले नाही, तर वर्ष वाया. शहरातला सुस्थित बाप पैसे मोजून ही सोय करतो. ऊसतोड कामगाराची मुलगी काय करणार?

न्यायालयांनी या बाबतीत सरकारपेक्षा अधिक जागरूकता दाखवली हे मान्य केले पाहिजे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवारास केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. लेखनिकाची गरज आणि चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र यांची सांगड घालणे चुकीचे आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणात दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपंगत्वाच्या टक्केवारीवर बोट ठेवून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, उमेदवार प्रत्यक्षात अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. मार्च २०२५ मध्ये अंध व्यक्तींना न्यायाधीशपदाचे दार खुले झाले. पण एकेका विद्यार्थ्याने दिल्लीपर्यंत जाऊन एकेक निकाल मिळवावा आणि पुढच्या परीक्षेत दुसऱ्या केंद्रावरील पर्यवेक्षकाने तो ऐकलेलाही नसावा, ही स्थिती हक्काची म्हणता येत नाही. दाद मागण्याची ऐपत असलेल्यांपुरताच तो हक्क राहतो.

जेथे व्यवस्था उभी राहिली, तेथे फळ दिसले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र चालते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील या त्याच महाविद्यालयात शिकल्या, पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेल्या. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या तेव्हा संपूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारले. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. वृत्तपत्रांनी ही कथा जिद्दीची म्हणून छापली. त्यांची जिद्द निर्विवाद आहे. पण त्याच कथेत दादरची अंध मुलींची शाळा आहे, झेवियर्स आहे, पडद्यावरचे वाचून दाखवणारा संगणक आहे. जिद्दीचे पोवाडे गाणे स्वस्त पडते, साधनकेंद्राला मात्र दरवर्षी पैसा लागतो. म्हणूनच सत्काराच्या शाली पुष्कळ निघतात आणि अंदाजपत्रकात रक्कम निघत नाही.

पदवीनंतर काय, हा प्रश्न तर आणखी कठीण आहे. अपंगांना समाजाने आजवर कोणती कामे दिली, याचा इतिहास उद्बोधक आहे. अंधांना खुर्च्या विणण्याचे शिक्षण दिले जाई. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. बँकांत व कचेऱ्यांत दूरध्वनी-चालकाच्या जागा दिल्या. स्वयंचलित यंत्रे आली. गावोगावी सार्वजनिक टेलिफोनची बूथ दिली. मोबाईलने ती बंद पाडली. अपंग माणसाला काय करता येईल याचा विचार त्याच्या क्षमतेवरून न होता, समाजाला कोणते काम त्याच्याकडे सरकवणे सोयीचे आहे यावरून होत गेला, आणि असे काम नेहमी मावळतीला लागलेले निघाले. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अपंगांसाठी योग्य अशा ३,५६६ पदांची यादी प्रसिद्ध केली, त्यांपैकी १,०४६ ‘अ’ गटातील होती. यादी लांबली ही प्रगती खरी, तरी कोणत्या खुर्चीवर कोणी बसावे हे आधी ठरवून टाकण्याची दृष्टी तीच राहिली.

यापुढची मेख मोठी आहे. चार टक्के कशाचे? राखीव जागा नियमित पदांना लागू होतात, आणि नियमित पदेच आटत चालली आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खाजगी यंत्रणांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. विरोध उसळला तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, प्रवृत्ती गेली नाही. ठेकेदाराला चार टक्क्यांचे बंधन जाचत नाही, रॅम्प बांधावा लागत नाही, अंध कारकुनाच्या संगणकासाठी वाचक-प्रणाली घ्यावी लागत नाही. खाजगी उद्योगांच्या बाबतीत २०१६ च्या कायद्याने पाच टक्क्यांचे उद्दिष्ट सांगितले, तेही सरकारने प्रोत्साहन द्यावे अशा भाषेत. सक्तीचे नाव नाही. कंत्राटी कामगारांचा लढा आणि अपंग पदवीधरांच्या नोकरीचा लढा हे दोन वेगळे विषय मानून कामगार संघटनांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

त्यात २०२४ च्या उन्हाळ्यानंतर संशयाचे वातावरण पसरले. एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व-प्रमाणपत्राबद्दल वाद उठला, आणि पाठोपाठ तेलंगणातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने अखिल भारतीय सेवांत अपंगांना राखीव जागा हव्यात कशाला, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. खोटी प्रमाणपत्रे शोधून काढलीच पाहिजेत. पण उत्पन्नाचे खोटे दाखले सापडतात म्हणून गरिबांच्या शिष्यवृत्त्या बंद करा असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र एकाच्या वादाची किंमत प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात पुनःपुन्हा खेपा घालणारा खरा अपंग विद्यार्थी मोजतो.

पैसा कोठून आणावयाचा, असे कुलगुरू विचारतील. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वावरता येतील अशा करण्याची मुदत जून २०२२ मध्येच संपली. सुलभतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला बजावले. तेव्हा हा खर्च ऐच्छिक उरलेलाच नाही.

समाजवादी चळवळीला हा विषय परका असण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरला प्राण पणास लावले ते बंद दारासाठी. महाविद्यालयाचे दार आज कायद्याने उघडे आहे, पण उंबरठ्याआधी बारा पायऱ्या आहेत. सेवाभावी कार्यकर्त्यांनी लेखनिक व्हावे, टिपणे युनिकोडमध्ये उतरवून द्यावी, हे चांगलेच. तथापि त्या कामातून विद्यापीठाची सुटका होऊ देता कामा नये. अन्यथा हक्काची जागा पुन्हा उपकार घेईल. अनुदानित महाविद्यालयांत या कामासाठी पूर्णवेळ पगारी पद, मानधन देऊन विद्यापीठानेच ठेवलेले लेखनिकांचे पथक, बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे, अभ्यासक्रमाचा सारा मजकूर युनिकोडमध्ये आणि कंत्राटी भरतीतही चार टक्के : एवढ्या मागण्या अधिसभेत अंदाजपत्रक मांडले जाईल त्या दिवशी पुढे आल्या पाहिजेत. नोंदणीकृत पदवीधरांच्या मतदारसंघातून निवडून गेलेल्या पुरोगामी सदस्यांना त्या मांडण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. माहितीच्या अधिकारात प्रत्येक महाविद्यालयाकडून तीन आकडे मागवता येतात : पाच टक्क्यांपैकी किती जागा भरल्या, गेल्या परीक्षेत किती लेखनिक संस्थेने पुरवले, आणि तळमजल्यावर किती वर्ग भरतात. हे काम तालुका शाखांनी या सत्रातच हाती घ्यावे. त्यासाठी अपंग विद्यार्थ्यांची जी बैठक बोलवावी लागेल, ती जिना चढून जाव्या लागणाऱ्या पक्षकार्यालयात मात्र बोलावू नये.